घाटाखालची क्लच प्लेट

झिजलेली प्लेट लवू राऊळांनी माझ्या हातातून घेतली आणि उन्हाकडे धरून तिच्या मधल्या दात्यांवरून अंगठा फिरवला.

"फार्गो," ते म्हणाले.

"हो. या ट्रकची प्लेट कोल्हापुरात कुठंच मिळेना. लायनिंग बदलून बघितलं, पण मधले दातेच गेलेत. दुसऱ्या गाडीची प्लेट बसवायला गेलो तर व्यासात जमते आणि दात्यांत अडते. भंगारवाला हारुणभाई म्हणाला, घाटाखाली राऊळांकडं अशीच एक गाडी उभी आहे, तिथंच मिळाली तर मिळेल."

"हारुणान धाडल्यान तुमका?"

"हो."

त्यांनी मान हलवली. साठी ओलांडलेला, काटक, पांढऱ्या भुवयांचा माणूस. मागे अंगणात फणसाखाली त्यांची गाडी होती. चाकं काढलेली, जांभ्या चिऱ्यांवर ठेवलेली, पण बाकी अंगावर गंजाचा ठिपका नव्हता. आसपास पाचोळ्याचं एक पान नव्हतं. भंगारात उभी असलेली गाडी अशी दिसत नाही. एखाद्या आजाऱ्याची निगा राखावी तशी ती राखलेली होती.

"तुमची गाडी खंयची?" त्यांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. कोल्हापूरच्या अलीकडचं, बावड्याच्या रस्त्यावरचं.

"रंग?"

"निळा. पहिल्यापासून निळाच."

"काय भरी होती ती?"

"गूळ. गूळ घेऊन खाली यायची, जाताना नारळ, कौलं. पण त्याला लई वर्षं झाली. मी लहान होतो. नंतर आप्पांनी कोकणातली वाहतूक सोडली."

"आप्पा म्हणजे?"

"माझे वडील. सातगोंडा चौगुले." मला त्या गाडीचा अभिमान होता, म्हणून विचारल्याशिवायच पुढं सांगितलं, "नवी कोरी घेतलेली गाडी. आजपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही. आप्पांनीच चालवली."

प्लेट पायरीवर ठेवून राऊळ आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत माणसांची चाहूल नव्हती. भिंतीवर दोन फोटो दिसत होते, एक म्हातारीचा, एक परकर-पोलक्यातल्या मुलीचा. ते परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"प्लेट आसा," ते म्हणाले. "बरी आसा. पण हातात देवचंय नाय. गाडी हय घेवन ये. मीच बसवतलंय."

"गाडी आणणं अवघड आहे हो. क्लच घसरतोय. खाली उतरेल कशीबशी, पण पुन्हा वर चढणार नाही."

"वर चढूची गरज पडाची नाय. म्हणजे, प्लेट बसवल्यार चढतलीच." ते किंचित हसले. "पैसे नको माका. गाडी बघूची आसा फक्त."

पायरीवरची प्लेट उचलून मी मोटरसायकलला किक मारली तेव्हा ते दारातून बघत होते. वळणावर मागे पाहिलं, तर अजून तिथंच.

मला घाई होती, म्हणून या सगळ्याकडं मी फारसं लक्ष दिलं नाही. आमच्या गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पार्श्वनाथांची नवी मूर्ती बसायची होती. बस्तीच्या मानस्तंभाचा दगड एकेकाळी आप्पांच्याच गाडीतून आला होता. त्यामुळे मूर्तीही त्याच गाडीतून, वाजतगाजत यावी असं पंचांनी ठरवलं होतं. आप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायचे, दिवसभर सोप्यातल्या खाटेवर असायचे. पण ही बातमी ऐकल्यापासून सकाळ-संध्याकाळ काठी टेकत शेडपर्यंत यायचे आणि माझं काम बघत बसायचे. माझं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, गाड्यांची थोडी जाण होती. इंजिन मी सुरू केलं होतं. अडलं होतं ते फक्त क्लचपाशी.

"मिळाली बघा, आप्पा," मी घरी आल्या आल्या म्हटलं. "अस्सल. अशाच गाडीची."

"कुठं?"

"बावड्याखाली. घाट उतरला की लगेच एक वाडी आहे. पण तो म्हातारा म्हणतो, गाडी इथं आण, मी बसवून देतो."

आप्पांचा हात काठीवर घट्ट झाला.

"ती गाडी घाट उतरायची न्हाई."

"उतरेल हो. मी हळू नेतो."

"मी काय म्हनलो? त्यो घाट उतरायचा न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हंजे न्हाई. मूर्ती बैलगाडीतनं येऊ दे. न्हाई तर न येऊ दे." एवढं बोलताना त्यांच्या तोंडाच्या कडेला फेस आला. कांचननं, माझ्या बायकोनं, पुढं होऊन त्यांचं तोंड पुसलं आणि मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, नकाच जाऊ. एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नाही त्यांना."

"वय झालंय त्यांचं. उतारावर आपला मुलगा आणि जुनी गाडी, भीती वाटणारच."

"ती भीती वेगळी असते," कांचन म्हणाली. "आप्पा तुमच्याकडं बघतच नव्हते बोलताना."

मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी आप्पा पहाटे बस्तीत अभिषेकाला गेले असताना मी जुनीच प्लेट जोडून गाडी बाहेर काढली.

बावड्यापर्यंत सपाटीला ठीक होतं. घाटाच्या तोंडाशी थांबून मी खाली पाहिलं. दरी धुक्यानं भरलेली होती, रस्ता दोन वळणांपुढं दिसत नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतरायला लागलो. इंजिनानं गाडी धरायला हवी होती, पण क्लच मध्येच सोडून द्यायचा आणि गाडी एकदम हलकी होऊन पुढं धावायची. मग सगळा भार ब्रेकवर. केबिनमध्ये जळक्या लायनिंगचा वास भरला. प्रत्येक वळणावर मनात एकच येत होतं, आता मागं फिरता येत नाही. खाली पोहोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

राऊळ रस्त्यावरच उभे होते. मी येणार हे कुणी त्यांना कळवलं नव्हतं.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, अगदी सावकाश. पुढं आल्यावर डाव्या दिव्याजवळ थांबले. दिव्याभोवतीच्या चकचकीत कडीवरून बोट फिरवलं.

"ही कडी मूळची नाय."

"नसेल. माझ्या लक्षात नाही."

"उजवीकडची मूळची आसा," ते म्हणाले आणि मडगार्डच्या आत हात घालून चाचपत राहिले. तिथला पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला होता. वरून दिसायचं नाही, आतून हाताला लागायचं. हात बाहेर काढून त्यांनी तो धोतराला पुसला. "चल, कामाक लागूया."

दिवसभर आम्ही दोघं गाडीखाली होतो. त्यांनी चेन-पुली आधीच फांदीला बांधून ठेवली होती. गिअरबॉक्स उतरवला, प्रेशर प्लेट सोडली. त्यांनी आतून कापडात गुंडाळलेली प्लेट आणली. तेलाचा हात दिलेली, लायनिंग नवंकोरं. दांड्यावर सरकवली आणि ती टक् करून बसली. इतके दिवस हुडकत होतो ती गोष्ट इतक्या सहज बसली की मी आनंदानं ओरडलोच.

"बसली! राऊळकाका, तुम्ही देवासारखे भेटला."

ते गाडीखाली माझ्या शेजारी उताणे पडलेले होते. मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुझो बापूस जित्तो आसा?" त्यांनी विचारलं.

"आहेत की. झटका येऊन गेला, पण आहेत."

"बोलता?"

"बोलतात."

"बरा," ते म्हणाले आणि पान्हा मागितला.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी शब्दही उच्चारला नाही. मी दोन-तीनदा काही विचारलं, त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. काम संपवावं आणि निघावं, असं मला झालं. उन्हं कलती होत आली तेव्हा शेवटचा नट आवळून झाला. मी पाण्यानं हात धुतले, तोवर ते शेजारच्या घरी जाऊन आले आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"घाटात फिरवून बघूया. मी चालवतंय."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी बाजूला बसलो.

गाडी चढायला लागली. क्लच इतका सुरेख धरत होता की सकाळची तीच गाडी आहे हे खरं वाटेना. राऊळ छान चालवत होते, दरीच्या बाजूनं, कडेला अगदी लागून. अर्ध्या घाटात एक रुंद वळण आहे. तिथं त्यांनी गाडी फिरवली. मला वाटलं, परत खाली न्यायची आहे. पण त्यांनी ती पूर्ण फिरवलीच नाही. तोंड दरीकडं करून, कठडा ढासळलेला होता तिथं, पुढची चाकं काठापासून हातभरावर आणून थांबवली. हँडब्रेक लावला नाही. इंजिन सुरू, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि त्यांचा डावा पाय क्लचवर दाबलेला.

काचेतून रस्ता दिसतच नव्हता. फक्त समोरची मोकळी हवा आणि खूप खाली झाडांचे शेंडे.

"काका, हे काय..."

"गप बस. दाराक हात लावू नको." आवाज चढा नव्हता. "क्लच बरो धरता. पाय काढलंय काय गाडी उचलता. बघलंस मगाशी."

मी जागचा हललो नाही. पायाखालची फळी इंजिनाबरोबर थरथरत होती.

त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली एक वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. दिव्याची कडी होती. अर्धीच, चेपलेली, काळी पडलेली.

"ही हय गावली होती. ह्याच वळणार," ते म्हणाले. "बाजूक गुळाचे खडे. आणि माझी शेवंती. धा-अकरा वर्साची. माका जेवण घेवन येय होती. मी तेव्हा रस्त्याच्या कामार होतंय, वरच्या वळणार."

मी मांडीवरच्या कडीला बोट लावलं.

"वरसून मी बघलंय. निळी गाडी. थांबली. माणूस उतरलो. तिच्याकडे गेलो, वाकलो. माका वाटला उचलता तिका. मी धावत सुटलंय. धावता धावता बघतंय तर तो परत गाडीत चढलो. मी पोचलंय तेव्हा ती गेली होती. अंग गरम होता."

खालून वारा आला, काच खडखडली.

"ही कडी घेवन मी कोल्हापुरात फिरलंय. हारुणाच्या बापसान सांगितल्यान, फार्गोची. मग दोन वर्सा घाटात उभो रवलंय. निळी फार्गो परत इलीच नाय. मग म्हटलंय, बरा. गाडी आसा तर कधीतरी मोडतलीच. सामान व्हया होतला. एक मोडकी फार्गो इकत घेतलंय. भंगारवाल्यांका सांगून ठेवलंय, फार्गोचो काय पण भाग कोणी मागल्यान, तर माझ्याकडे धाड. आणि वाट बघीत रवलंय."

हारुणभाईनं माझ्याशी बोलताना एक क्षणही विचार केला नव्हता. राऊळांचं नाव त्याच्या ओठांवरच होतं. आता मला कळलं की का.

"तूच म्हणालंस, गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नाय."

"हो."

"मग आता एकच सांग. ह्या घाटाबद्दल तुझो बापूस कधी काय बोललो?"

त्यांचा गुडघा थरथरायला लागला होता. क्लचचं पेडल इतका वेळ दाबून धरणं तरुण माणसालाही जड जातं. मला ठाऊक होतं, 'कधीच काही बोलले नाहीत' असं म्हटलं तर शंकेला जागा राहील. कदाचित गाडी दुसऱ्या कुणी नेली असेल, कदाचित निळ्या फार्गो दोन असतील. ते शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी त्यांच्या गुडघ्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या कडीकडं.

"ही गाडी हा घाट उतरायची नाही, असं म्हणाले," मी सांगितलं. "कारण सांगितलं नाही. मी न विचारता आणलीय."

राऊळांनी डोळे मिटले. पुढं काय होणार ते मला कळेना. मी समोरच्या पत्र्याला दोन्ही हातांनी धरलं.

मग गिअरचा दांडा हलला. गाडी एकदा हिसका देऊन मागं आली, रस्त्यावर आली. तिथं त्यांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता तू चालव. तुझ्या घराक."

दिवेलागणीला आम्ही पोहोचलो. गाडीचा आवाज ऐकून आप्पा खाटेवर उठून बसले होते. मी पायऱ्या चढलो, मागून राऊळ आले. आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या कडीकडं. ओळख करून द्यायची वेळच आली नाही.

काही ठाऊक नसलेली कांचन पाहुणे आले म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आली. राऊळांनी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. हातात धरून उभे राहिले.

"मी शेवंतीचो बापूस," ते म्हणाले.

आप्पांनी मान खाली घातली. "बसा," ते पुटपुटले.

"बसूक इलंय नाय. मारूक पण इलंय नाय. तो इचार संपलो. एक इचारूचा आसा. तिची आवस मरस्तोवर माका ताच इचारी होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हता. तू वाकलेलंस तिच्यार. तेव्हा ती काय बोलली काय?"

आप्पांनी उठायला काठी हातात घेतली आणि पुन्हा बाजूला ठेवली.

"पानी मागितलं," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"गाडीत कळशी हुती. भरल्याली. मी उठलो बी आनायला. तेवढ्यात वरनं कोन तर हाक मारत पळत येताना दिसलं." आप्पांचा चांगला हात खाटेची दोरी ओढत होता. "मी गाडीत चढलो. कळशी माझ्या पायापाशीच हुती. घर येस्तोवर ती हिंदकाळत हुती."

"हाक मी मारी होतंय," राऊळ म्हणाले.

कांचन दाराला धरून खाली बसली. राऊळांनी हातातल्या तांब्याकडं पाहिलं. मग वाकून, पाणी सांडू न देता, तो आप्पांच्या पायांशी ठेवला आणि पायऱ्या उतरून निघून गेले. मी मोटरसायकल घेऊन मागं गेलो. त्यांनी हातानंच मला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि म्हणाले, "भूपाल, मला चौकीत ने." आधी पंचांच्या घरी जाऊन मूर्तीला दुसरी गाडी बघा म्हणून सांगितलं, का तेही सांगितलं. पंच उठून आत गेले, बाहेर आलेच नाहीत. चौकीतला फौजदार आप्पांपेक्षा पुष्कळ लहान होता. म्हाताऱ्याला भ्रम झालाय असंच त्याला वाटत होतं. पण आप्पा उठेनात. शेवटी त्यानं जबाब लिहून घेतला आणि नंतर एके दिवशी राऊळांनाही बोलावलं. खटला उभा राहिला, तारखा पडल्या. निकाल लागायच्या आत, पुढच्या पावसाळ्यात, आप्पा गेले. मूर्ती त्याआधीच बैलगाडीतून आली होती. त्या मिरवणुकीत आमच्या घरातलं कुणी नव्हतं.

राऊळांचा जबाब झाला त्या दिवशी दोघे म्हातारे चौकीच्या एकाच बाकावर, दोन टोकांना बसले होते. एकमेकांकडं बघितलं नाही. काम झाल्यावर मी राऊळांना एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेलो. या वेळी ते नको म्हणाले नाहीत. घाटाखाली जाणारी गाडी लागलेली होती. ते चढायला निघाले, तेव्हा इतके दिवस जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते मी विचारलं.

"काका, त्या दिवशी वळणावर... तुम्ही खरंच पाय काढणार होता?"

त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला होता. तसेच थांबले.

"निघताना मी घराची चावी शेजाऱ्याक दिलंय," ते म्हणाले. "आणि कोंबड्यो पण."

मग ते वर चढले, आणि कंडक्टरनं दार ओढून घेतलं.